रिकाम्या घरातला लाल वाडगा

‘मिसाकी नो मायोइगा’ या जपानी ॲनिमेशन चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, पण आधी त्याच्या मुळाशी असलेली एक जुनी गोष्ट. जपानच्या ईशान्येला इवाते प्रांतात ओगुनी नावाचं एक खेडं होतं. तिथल्या मिउरा घराण्यातली एक बाई एकदा फुकी नावाची रानभाजी खुडायला निघाली. ही भाजी ओढ्याच्या काठाने उगवते, तिचे देठ खातात. खालच्या अंगाला चांगली भाजी मिळेना, म्हणून ती ओढ्याच्या उगमाकडे वर वर चढत गेली. बाई जरा मंद डोक्याची होती, असं गोष्ट सांगणाराच सांगतो. चालता चालता तिला एक काळा दिंडीदरवाजा दिसला. आत मोठं अंगण, त्यात तांबडी-पांढरी फुलं, फिरणाऱ्या कोंबड्या. मागच्या बाजूला गोठ्यात गुरं, तबेल्यात घोडे. माणूस मात्र एकही नाही. ती घरात शिरली. एका खोलीत लाल आणि काळ्या लाखेचे वाडगे मांडून ठेवले होते. त्याच्या आतल्या खोलीत निखाऱ्यांवर लोखंडी किटलीतलं पाणी खदखदत होतं. तरी कुणाची चाहूल नाही. हे डोंगरातल्या रानपुरुषाचं घर तर नसेल, असं मनात येताच ती घाबरून पळत सुटली. घरी येऊन तिने सगळं सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

पुढे एक दिवस ती ओढ्यावर धूत बसली होती. वरून एक लाल वाडगा तरंगत आला. फार सुंदर होता, म्हणून तिने उचलला. पण वाहून आलेल्या वाडग्यात जेवायला वाढलं तर घरचे ओरडतील, अशी तिला भीती वाटली. म्हणून तिने तो धान्याच्या पेटीत टाकला आणि रोजचं धान्य मोजायला मापटं म्हणून वापरायला लागली. त्या दिवसापासून पेटीतलं धान्य सरेनासं झालं. मिउरा घराण्याची भरभराट झाली ती तेव्हापासून.

अशा घराला इवातेतल्या तोनो भागात ‘मायोइगा’ म्हणतात. मायोइ म्हणजे वाट चुकणं, आणि पुढचा ‘गा’ म्हणजे घर. आपल्याकडे रानात माणूस त्याच त्याच जागी फिरत राहिला की ‘चकवा लागला’ म्हणतात. तोनोच्या डोंगरातही चकवा लागतो, फक्त त्याच्या शेवटी एक घर असतं. या घराचा एक नियम आहे. ज्याला ते दिसेल त्याने तिथली कुठलीही एक वस्तू घेऊन यावी. भांडं घ्यावं, जनावर घ्यावं, चालेल. कारण त्या माणसाला काहीतरी द्यायचं असतं म्हणूनच ते घर त्याला दिसलेलं असतं. बाईच्या मनात हाव नव्हती, तिने काहीच उचललं नाही, म्हणून वाडगाच तिला शोधत खाली आला.

मला या गोष्टीतली सगळ्यात हलवून टाकणारी बाब म्हणजे तो वाडगा मापटं झाला ही. सोन्याची नाणी ओतणारा हंडा इथे नाही. उद्याचं पोट भरेल एवढी हमी देणारं एक माप आहे. इवातेसारख्या थंड मुलखात उन्हाळ्यात समुद्रावरून गार वारा सुटला की भाताच्या लोंब्या पोचट राहायच्या आणि दुष्काळ पडायचा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात अशा दुष्काळांनी त्या भागात गावंच्या गावं ओस पाडली होती. जिथे पेटीतलं धान्य संपणं हीच सगळ्यात मोठी भीती, तिथे वरदानही धान्याच्याच मापाने येणार.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती दोन माणसांमुळे. सासाकी किझेन हा तोनोजवळच्या खेड्यातला तरुण तोक्योला शिकायला आला होता. त्याला लेखक व्हायचं होतं. यानागिता कुनिओ हे सरकारी अधिकारी. पुढे जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा पाया घालणारे म्हणून ते ओळखले गेले. १९०९ सालच्या सुरुवातीपासून सासाकी अधूनमधून रात्री यानागितांकडे यायचा, आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगायचा आणि यानागिता त्या लिहून घ्यायचे. त्यातून १९१० साली ‘तोनो मोनोगातारी’ म्हणजे तोनोच्या कथा हे छोटं पुस्तक निघालं. ३५० प्रती, त्याही स्वखर्चाने छापलेल्या. ११९ नोंदी. काही चार ओळींच्या, काही पानभर. मिउरा घराण्यातल्या बाईची गोष्ट ६३ व्या क्रमांकाची.

या नोंदी परीकथेसारख्या ‘कोणे एके काळी’च्या नाहीत. अमुक गावच्या अमक्याचा भाऊ, तमक्याची सासू, अशी माणसं त्यात नावागावानिशी येतात. म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांच्या दृष्टीने ही घडलेली हकीकत आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर ज्या चित्रपटाबद्दल आता बोलायचं आहे तो कळायला फार सोपा जातो.

‘मिसाकी नो मायोइगा’, म्हणजे भूशिरावरचं मायोइगा, हा चित्रपट जपानमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये आला. दिग्दर्शक कावात्सुरा शिन्या, पटकथा योशिदा रेइको यांची. मूळ कादंबरी काशिवाबा साचिको यांची, २०१५ सालची. तिला पुढच्या वर्षी नोमा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. काशिवाबा स्वतः इवातेच्या. त्यांचं पहिलं पुस्तक १९७५ सालचं, धुक्यापलीकडच्या एका अजब गावाबद्दलचं. प्रसिद्ध ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांच्या स्टुडिओत त्यावर चित्रपट काढण्याचा विचार झाला होता. तो निघाला नाही, पण त्या पुस्तकाची छाया मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटावर पडली. तेव्हा तुम्ही ‘स्पिरिटेड अवे’ पाहिला असेल तर या लेखिकेच्या अंगणात तुम्ही आधीच पाऊल टाकलेलं आहे.

हा चित्रपट एका मोठ्या उपक्रमाचा भाग होता. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीला दहा वर्षं होत असताना, सर्वाधिक फटका बसलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांवर एकेक ॲनिमेशन करायचं ठरलं. इवातेच्या वाट्याला ही गोष्ट आली. कथेतलं किनाऱ्यावरचं कित्सुनेझाकी हे गाव काल्पनिक आहे, पण त्यामागे ओत्सुची नावाचं खरं गाव उभं आहे. ओत्सुचीत त्या दिवशी मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या बाराशेच्या वर गेली. गावचे महापौरही गेले.

कथानक थोडक्यात असं. यूई सतरा वर्षांची, वडिलांचं घर सोडून निघून आलेली. हियोरी आठ वर्षांची, आईवडील अपघातात गेले आणि त्या धक्क्याने तिची वाचा गेली. नातेवाइकांकडे आली तोवर त्सुनामीने तेही छत्र नेलं. दोघी एकमेकींच्या कुणी नाहीत. निवारा केंद्रात त्यांना किवा नावाची एक आजी भेटते, या माझ्याच आहेत असं सांगते, आणि भूशिरावरच्या गवताने शाकारलेल्या एका जुन्या घरात त्यांना घेऊन जाते. ते घर म्हणजे मायोइगा. तिघी तिथे राहू लागतात.

आता हे ‘या माझ्याच’ म्हणणं केवढं मोठं आहे, ते कळायला त्या किनाऱ्याची एक म्हण माहीत हवी.

इवातेच्या त्या किनाऱ्याला सानरिकू म्हणतात. कोकणातल्या खाड्यांसारखे समुद्राचे लांब, चिंचोळे फाटे तिथे डोंगरात शिरलेले आहेत. त्सुनामीची लाट अशा खाडीत घुसली की तिला पसरायला जागा उरत नाही, ती उंच उंच होत जाते. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी, मुलांच्या सणाच्या दिवशी, अशाच लाटेने या किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसं नेली. भूकंप इतका सौम्य जाणवला होता की बहुतेकांनी घरं सोडली नव्हती. १९३३ मध्ये पुन्हा लाट आली, सुमारे तीन हजार गेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवातून तिथे एक शब्द रुजला: ‘तेन्देन्को’. अर्थ, ज्याने त्याने आपापलं. त्सुनामी आली की आईने मुलाला शोधायला जायचं नाही, नवऱ्याने बायकोची वाट बघायची नाही. जो जिथे असेल त्याने तिथून थेट डोंगराकडे पळायचं.

वरवर ऐकलं तर हे फार कठोर वाटतं. पण १८९६ साली घरंच्या घरं बुडाली ती एकमेकांसाठी थांबल्यामुळे, हे त्या लोकांनी पाहिलं होतं. तेन्देन्कोच्या पोटात एक विश्वास आहे: तूही पळाला असशील याची मला खात्री आहे, म्हणून मी पळतो. २०११ मध्ये ओत्सुचीच्या शेजारच्या कामाइशी शहरात शाळकरी मुलांना हे शिकवलेलं होतं. त्या दिवशी शाळेत असलेली तिथली मुलं उंचावर पळाली आणि वाचली. मोठी मुलं छोट्यांचा हात धरून पळत होती.

म्हणजे या किनाऱ्यावर संकटाचा पहिला नियमच कुटुंबाने विखुरण्याचा आहे. मग दुसरा टप्पा येतो, एकमेकांना शोधण्याचा. ती जागा म्हणजे निवारा केंद्र. २०११ च्या मार्चमध्ये देशभर मिळून सुमारे ४ लाख ७० हजार माणसं अशा केंद्रांत होती. शाळांच्या व्यायामशाळा, सभागृहं. जमिनीवर पुठ्ठे आणि पांघरुणं. भिंतींवर नावांच्या याद्या आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळायच्या, आपलं कुणी आलं का म्हणून.

त्या गर्दीत यूई आणि हियोरी बसलेल्या आहेत. त्यांना शोधत कुणीही येणार नाही. यूईला तर कुणी येऊ नये असंच वाटतंय. प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा आहे, आणि या दोघी कुणाच्याच नाहीत. अशा जागी एक अनोळखी म्हातारी अधिकाऱ्यासमोर बिनदिक्कत खोटं बोलते. चित्रपटातलं कुटुंब या एका खोट्यावर उभं आहे. हे खोटं पुढे कधी उघडं पडेल याची भीती घालून चित्रपट उत्कंठा वाढवत नाही. खोटं बोललं गेलं, तिघी घरी गेल्या, आणि हळूहळू ते खरं झालं. रक्ताचं नातं नसताना जुळलेल्या कुटुंबाच्या गोष्टी जपानी ॲनिमेशनमध्ये पुष्कळ आहेत. पण ज्या किनाऱ्यावर ‘आपापलं पळ’ हेच आईबापांनी मुलांना द्यायचं शहाणपण आहे, तिथे अशी गोष्ट घडवणं याला वेगळं वजन आहे.

मायोइगा हे आल्यागेल्याचं आगतस्वागत करणारं घर आहे. चित्रपटातलं घर या बाबतीत परंपरेला धरून आहे, ते येणाऱ्याची काळजी घेतं. मला मात्र यात एक बदल फार मोलाचा वाटतो. १९१० सालच्या नोंदीत ते घर रिकामं आहे. पाणी उकळतंय, वाडगे मांडलेत, आणि जेवणारं कुणी नाही. गोष्टीतली सगळी भीती त्या रिकामपणातून येते. भरलेलं, नांदतं दिसणारं घर आणि आत माणूस नाही, हे चित्र कुठल्याही भुताहून अस्वस्थ करणारं आहे. आणि २०११ नंतरच्या सानरिकूला हे चित्र नवीन नव्हतं. लाट ओसरल्यावर कितीतरी घरं अशीच उभी होती.

चित्रपट त्या रिकाम्या घरात माणसं नेऊन बसवतो. किटलीच्या पाण्याचा चहा होतो, वाडग्यांत जेवण वाढलं जातं. चित्रपटाचा बराच भाग कामांतच जातो: अंथरुणं, न्हाणीघर, बाजारहाट, रांधणं, खाणं. किवा कुणाला बसवून ‘तुझं दुःख सांग’ असं म्हणत नाही. ती जेवायला वाढते. कावात्सुरा यांनी यापूर्वी खेड्यातल्या शाळकरी मुलींच्या संथ दिवसांवर एक गाजलेली मालिका केली होती; काहीही विशेष न घडणारी दुपार कशी दाखवायची हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यामुळे हा भाग रेंगाळतो, आणि तो रेंगाळायलाच हवा. ज्या मुलीला घर या शब्दाचीच धास्ती बसली आहे तिला घर पुन्हा सवयीचं व्हायला वेळ लागणारच.

यूई या नावावरून एक जोडकाम आठवलं. जपानी खेड्यांत ‘यूई’ म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जाण्याची पद्धत. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात लावणी करायची, उद्या माझ्या. घराचं गवती छप्पर बदलणं हे एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नसे, तेही यूईनेच व्हायचं. आपल्याकडे कोकणात हिला सावड म्हणतात, घाटावर इर्जिक. कादंबरीत तर हे नाव त्या मुलीला किवाच देते, आणि ते लिहायचं अक्षर ‘गाठ बांधणे’ या अर्थाचं आहे. शाकारलेल्या छपराखाली राहायला आलेल्या मुलीचं नाव यूई, हे मला ऐकतानाच आवडून गेलं.

आता लोककथेतल्या मंडळींकडे येऊ, कारण पाहणारा गोंधळतो तो इथे. किवाच्या घरी जेवायला काप्पा येतात. गावाच्या राखणीला दगडी जिझो उठतात. किवा या सगळ्यांना मिळून ‘फुशिगित्तो’ म्हणते. फुशिगी म्हणजे नवल, तेव्हा ‘नवलाची माणसं’ असा त्याचा भाव. माणसं हा शब्द महत्त्वाचा. भुतं किंवा राक्षस म्हणून ती त्यांना वेगळं काढत नाही, शेजाऱ्यांसारखं वागवते.

काप्पा म्हणजे नदीतला लहान मुलाएवढा जीव. डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी. ते सांडलं की त्याची ताकद गेली. काकडीवर त्याचा जीव. बाकीच्या जपानात काप्पाचा चेहरा हिरवट रंगवतात, पण तोनोचे काप्पा लाल तोंडाचे, असं यानागितांच्या पुस्तकात स्पष्ट नोंदवलं आहे. तोनोत जोकेनजी नावाच्या मंदिरामागे एक डोह आहे, काप्पाचा डोह म्हणूनच तो ओळखला जातो. मंदिराला आग लागली तेव्हा काप्पाने पाणी घालून ती विझवली, अशी कथा आहे. म्हणून तिथल्या कोमाइनूच्या, म्हणजे देवळापुढच्या राखणदार सिंह-कुत्र्याच्या डोक्यावरही काप्पासारखी बशी कोरलेली आहे. काप्पाच्या काही जुन्या गोष्टी मात्र अंगावर येणाऱ्या आहेत. त्यात बायकांना काप्पापासून झालेली मुलं मारून पुरल्याचे उल्लेख आहेत. दुष्काळात ज्या बाळांना जगवता आलं नाही त्यांची आठवण या कथांत दडली आहे, असा अर्थ काही जण लावतात. काकडी खाणारा गमत्या काप्पा पडद्यावर पाहताना हे मनात असलं तर त्याच्या पंगतीला बसण्याचा अर्थ बदलतो.

जिझो तर आपल्याच ओळखीचा. बौद्ध परंपरेतला क्षितिगर्भ बोधिसत्त्व चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे वाटेवरचा, वेशीवरचा, लाल लाळेरं बांधलेला छोटा दगडी देव झाला. प्रवाशांचा पाठीराखा, आणि त्याहून जास्त म्हणजे अकाली गेलेल्या मुलांचा सांभाळ करणारा. आईबापांआधी मेलेली मुलं परलोकाच्या वाटेवरच्या नदीकाठी दगड रचत बसतात आणि जिझो त्यांना आपल्या बाह्यांत लपवतो, अशी श्रद्धा आहे. ज्या गावाने इतकी मुलं गमावली त्या गावासाठी जिझोने जागेवरून उठणं हा नुसता चमत्कार उरत नाही.

आणि झाशिकी-वाराशी, बैठकीच्या खोलीतलं मूल. जुन्या घरात राहणारा हा बालरूपी आत्मा असेपर्यंत त्या घराची बरकत राहते. तो निघून गेला की घर बसलं म्हणून समजा. ‘तोनो मोनोगातारी’तली अठरावी नोंद अशी: यामागुची मागोझाएमोन याच्या घरी अशा दोन मुली होत्या म्हणतात. एका संध्याकाळी गावातल्या माणसाला पुलाजवळ दोन अनोळखी, गोड मुली भेटल्या. कुठून आलात विचारलं, तर मागोझाएमोनच्या घरून. कुठे निघालात, तर दुसऱ्या गावच्या अमक्याकडे. त्याने ओळखलं, मागोझाएमोनचे दिवस भरले. थोड्याच काळात त्या घरातली धनी-चाकर मिळून वीसेक माणसं विषारी अळंबी खाऊन एका दिवसात गेली. वाचली फक्त सात वर्षांची एक मुलगी. तीही पुढे निपुत्रिक म्हातारी होऊन वारली.

सात वर्षांची, एकटी वाचलेली मुलगी. नोंद तिथेच संपते. तिला कुणी वाढवलं, ती कुणाच्या घरी जेवली, यावर तिथे एक शब्द नाही. हियोरीकडे पाहताना मला राहून राहून ती मुलगी आठवते. काशिवाबांनी तिच्यासाठीच ही गोष्ट लिहिली असं मी म्हणणार नाही. पण लोककथा जिथे गप्प होतात तिथून या चित्रपटाची गोष्ट सुरू होते, एवढं मात्र नक्की म्हणता येईल.

किवा मुलींना जुन्या गोष्टी सांगते तेव्हा पडद्यावरची चित्रांची धाटणीच बदलते, चित्रांच्या पुस्तकासारखी होते. तोनोकडची कथेकरी मंडळी गोष्ट सुरू करताना ‘मुकाशी आत्ता झु मो ना’ म्हणतात, म्हणजे ‘फार पूर्वी असं झालं म्हणे’. आणि संपवताना ‘दोन्दोहारे’. हा शब्द आपल्या ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ सारखा आहे. गोष्ट ऐकता ऐकता हाताने गवताचं काम चाललेलं असायचं, तेव्हा गोष्ट संपली, आता मांडीवरची काडीकस्पटं झटका आणि उठा, असा त्याचा एक अर्थ सांगतात. गोष्ट आणि घरकाम तिथे असं एकाच मांडीवर होतं.

चित्रपटात एक खलही आहे. आगामे नावाचा सर्परूपी जीव, फार पूर्वी बंदिस्त केलेला. भूकंपाने ते बंधन सुटतं आणि तो माणसांच्या दुःखावर, भीतीवर पोसून वाढू लागतो. अनेकांना वाटतं की आगामे म्हणजे त्सुनामीचंच रूप. तसं नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. त्सुनामी येऊन गेलेली आहे. आगामे तिच्या मागून येतो. तो माणसाला त्याच्या सगळ्यात दुखऱ्या आठवणीत अडकवतो आणि गाव सोडून जायला लावतो. लाटेने घरं नेली. हा उरलेल्यांच्या मनातली राहण्याची इच्छा नेतो. २०११ नंतर त्या किनाऱ्यावरच्या गावांना खरोखरच या दुसऱ्या संकटाशी झुंजावं लागलं आहे. तरुण माणसं कामासाठी शहरात गेली ती परत आली नाहीत.

मेलेल्यांच्या आठवणीत गुरफटून जाण्याचं हे भय तोनोच्या कथांना जुनंच माहीत आहे. ९९ वी नोंद १८९६ च्या त्सुनामीनंतरची. फुकुजी नावाचा माणूस तोनोकडून किनाऱ्यावरच्या तानोहामा गावी घरजावई गेला होता. हे गाव ओत्सुचीच्या उत्तरेला, लागूनच. लाटेत त्याची बायको आणि मूल गेलं. वाचलेल्या दोन मुलांना घेऊन तो जुन्या घराच्या जागेवर झोपडी बांधून राहिला. वर्षभराने, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका धुकट चांदण्या रात्री तो बाहेर आला तर किनाऱ्याच्या वाटेने एक पुरुष आणि एक बाई चालत येताना दिसली. बाई त्याची मेलेली बायको. तो मागोमाग बराच लांब गेला आणि त्याने तिला नावाने हाक मारली. तिने वळून पाहिलं, हसली. बरोबरचा पुरुषही त्याच लाटेत गेलेला, लग्नाआधी तिचं ज्याच्यावर मन होतं असं म्हणत तोच. ती म्हणाली, आता मी यांची बायको आहे. फुकुजीने विचारलं, मुलांची माया नाही का तुला? तिचा चेहरा किंचित पालटला आणि ती रडली. त्याने खाली मान घातली. वर पाहतो तो दोघं भराभर चालत डोंगराच्या आड निघालेली. थोडं मागे धावल्यावर त्याच्या लक्षात आलं, ही माणसं मेलेली आहेत. पहाटेपर्यंत तो वाटेत उभा राहिला. पुढे पुष्कळ दिवस आजारी होता.

२०११ नंतर ही जेमतेम पानभराची नोंद जपानमध्ये अनेकांनी पुन्हा उघडून वाचली. ओत्सुचीतच समुद्र दिसेल अशा एका खासगी बागेत, कुठेही तार न जोडलेला एक काळा फोन पांढऱ्या टेलिफोन बूथमध्ये ठेवलेला आहे. ‘वाऱ्याचा फोन’ म्हणतात त्याला. बागेच्या मालकाने तो आपल्या गेलेल्या, नात्यातल्या भावाशी बोलायला म्हणून त्सुनामीच्या आधीच ठेवला होता. नंतर हजारो माणसं तिथे येऊन आपापल्या माणसांशी बोलून गेली. फुकुजीला जे अंधारात, एकट्याने विचारावं लागलं ते विचारायला त्याच किनाऱ्यावर पुढे एक जागा झाली.

आगामेशी होणारी शेवटची लढाई मात्र मला चित्रपटाचा कच्चा भाग वाटते. संथ, स्वयंपाकघराच्या उबेत चाललेली गोष्ट अचानक मोठ्या चकमकीकडे वळते आणि एवढ्या नाजूकपणे मांडलेलं दुःख एका अक्राळविक्राळ देहात कोंबलं जातं. कादंबरीपासून केलेला दुसरा बदल मला पटतो. कादंबरीतली यूई ही नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पळालेली विवाहित बाई आहे. चित्रपटात ती सतरा वर्षांची मुलगी झाली. त्यामुळे दोन बायका आणि एक मूल ही मांडणी जाऊन आजी आणि दोन बहिणी अशी झाली, आणि थोरल्या बहिणीने धाकटीसाठी मोठं होण्याची एक सुंदर रेघ कथेत आली. थोडं हरवलंही. तोनोच्या बाईसारखी, सासरी ओरडा बसेल म्हणून लाल वाडगा धान्यात लपवणारी बाई कादंबरीतल्या यूईला जास्त जवळची होती.

शेवटी ६४ वी नोंद सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय मायोइगा पुरतं कळत नाही. एक घरजावई आपल्या मूळच्या घरी निघाला असताना डोंगरात वाट चुकला आणि त्याच घरापाशी पोचला. तीच फुलं, तीच गुरं, तेच लाल-काळे वाडगे, आणि चहासाठी उकळणारं पाणी. कुणीतरी आडोशाला उभं आहे असं वाटून तो घाबरला, निघाला, आणि ओगुनीला जाऊन पोचला. ओगुनीत त्याचं कुणी खरं मानलं नाही. पण सासुरवाडीची माणसं म्हणाली, अरे, हे तर मायोइगा! चला, वाडगे आणू, श्रीमंत होऊ. जावयाला पुढे घालून बरीच मंडळी डोंगरात शिरली. दरवाजा इथेच होता, असं तो म्हणाला त्या जागी आली. तिथे काही नव्हतं. सगळे रिकाम्या हाताने परतले. तो जावई पुढे श्रीमंत झाला, असंही कुणाच्या ऐकिवात नाही.

घर परत सापडत नाही, हा मायोइगाचा दुसरा नियम. किवाला तो ठाऊक असणार. यूई आणि हियोरीला ती जे शिकवते ते उचलून बाहेर नेता येण्यासारखं आहे: जेवण कसं करायचं, गोष्ट कशी सांगायची, दारात आलेल्या अनोळखी जिवाला आत कसं घ्यायचं. तोनोच्या बाईला डोंगरातून खाली आलेला एक वाडगा मिळाला. या दोघी वाडग्यात वाढायला शिकताहेत.